पाठवणीचा तिसरा भाग

अण्णा, बाळूला मी नाही म्हणाले. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

तुला तिरडीवर बांधून दारात आणून ठेवलं होतं. सकाळचे नऊ वाजले असतील. गल्लीच्या तोंडाला तुझी सगळी बँडवाली माणसं येऊन उभी होती. अंगात लाल कोट नव्हते, साधे शर्ट होते, वाद्यं मात्र हातात. तुझ्या हाताखाली तयार झालेल्या बाळूनं क्लॅरनेटची पात ओठात धरून ओली केली आणि माझ्याकडं बघितलं. तू त्याला सांगून ठेवलं होतंस, मलाही सांगून ठेवलं होतंस. मी नुसती मान हलवायची होती. मी हलवली, पण आडवी.

गल्लीला वाटतंय आक्कानं शहाणपणा केला. तुझं शेवटचं मागणं मी, तुझ्या सख्ख्या बहिणीनं, मोडलं, हे फक्त मला, बाळूला आणि समोरच्या कलावतीला माहीत. आणि तुला. तुझा राग मी ओळखून आहे की. तू कधी ओरडायचा नाहीस. क्लॅरनेटचे तुकडे सुटे करायचास आणि एकेक पुसत बसायचास, आणि ते पुसून होईपर्यंत घरात कुणाची बोलायची टाप नव्हती. गेले कितीक दिवस मला तसंच वाटतंय, की तू आतल्या खोलीत बसून पुसतोयस आणि शेवटचा तुकडा काही संपत नाही.

दवाखान्यातलं आपलं भांडण अर्धं राहिलं. तुझ्या नाकात नळी होती, तरी तू म्हणालास, "सुशे, मी जाताना पाठवणी वाजवा."

मी म्हटलं, कुणाची?

"माझीच की."

मी चिडले. तू एवढा आजारी, आणि मी तुझ्यावर चिडले. तुला म्हटलं, ती चाल पोरींची हाय. बेळगावापासून निपाणीपर्यंत पोरगी सासरी निघाली की तीच वाजते. एकदा का प्रेताच्या पुढं वाजली, की कुठली आई आपल्या पोरीमागं वाजवू देईल? अशुभ झाली म्हणतील. तुझ्याबरोबर तुझी चालबी जाईल की रं. तर तू म्हणतोस, "त्या ऑस्ट्रियावाल्याची न्हाय गेली." मी म्हटलं, तो ऑस्ट्रियात मेला, तू शहापुरात हायस. त्यावर तू हसलास, हसता हसता खोकला लागला, नळी हलली आणि नर्सबाईनं मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तू हा विषयच काढला नाहीस. नुसतं माझ्याकडं बघत होतास. तिसऱ्या दिवशी गेलास.

का वाजवायची, ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. मला वाटलं, त्या ऑस्ट्रियावाल्याची बरोबरी करायची तुझी हौस.

तो माणूस आपल्या घरात कसा आला ते आठवतं तुला? पास्कू मास्तर छावणीतल्या लष्करी बँडातनं रिटायर होऊन आपल्या मागच्या बोळात खोली घेऊन राहिला. मूळचा गोव्याचा. त्याच्या पत्र्याच्या पेटीत नोटेशनचे कागद होते आणि त्यातले अर्धे त्या एकाच माणसाचे. त्याचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही, मी आपलं ऑस्ट्रियावालाच म्हणत आले. पास्कू मास्तर सांगायचा आणि तू जेवणखाण विसरून ऐकायचास. तो ऑस्ट्रियावाला आधी पलटणीच्या बँडात होता, मग नाचाच्या चाली करायला लागला, मग गाण्यांची हलकीफुलकी नाटकं. त्याच्या नाटकात भांडणं होतात, माणसं वेष बदलतात, शेवटी सगळ्यांची लग्नं लागतात. मोठे गाणारे-वाजवणारे त्याला नाकं मुरडायचे, म्हणायचे ही काय विद्या, ही तर नाचणाऱ्यांच्या पायाखालची धूळ. आणि संध्याकाळ झाली की त्याच मोठ्या लोकांच्या घरात त्याचीच चाल. पुढं चाल राहिली आणि नाव मागं पडलं. तो गेला तेव्हा म्हणे त्याच्याच नाचाची चाल बँडनं सावकाश वाजवली, आणि रस्त्यावरच्या लोकांना कळेना की रडायचं की पाय हलवायचे.

यातलं खरं किती आणि पास्कू मास्तरचं किती, देव जाणे. पण तुझ्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलं.

ऑस्ट्रियावाल्याच्या चालीत तीन ठोके. पहिला जड, दोन हलके. आप्पा मागावर बसलेले असताना तू येऊन म्हणालास, "आप्पा, हे तर आपल्याच मागाचं हाय." पावडी दाबली, धोटा गेला, फणी ठोकली. तीनच. आप्पांनी न बघता सांगितलं, "मग इथं बसून वाजव की. साडी तरी निघंल." विणकराचा थोरला पोरगा लग्नाच्या बँडात फुंकतो, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. पण गंमत बघ, नोटेशन तू लिहिलंस ते आप्पांच्याच कागदावर. पास्कू मास्तरच्या पाच रेघा तुला झेपेनात. तू काठाची नक्षी काढायचा ग्राफ घेतलास आणि चौकटीत हिरव्या पेन्सिलीनं ठिपके द्यायला लागलास. आडव्या घरात मात्रा, उभ्या घरात सूर. पुढं तुझ्या हाताखाली जेवढे शिकले, सगळे विणकरांचे, सगळे ग्राफवरच शिकले.

आणि मग माझं लग्न. नवरा रेल्वेत, गुंजी स्टेशनावर, म्हणून माझी पाठवणी बेळगाव स्टेशनच्या फलाटावर. तू माझ्यासाठी नवी चाल केली होतीस. त्याच्याच तीन ठोक्यांची, पण आपल्या गळ्याची. मी डब्यात चढले, आई खिडकीशी, तू बँडच्या पुढं. पहिला भाग झाला, दुसरा झाला, आणि गाडी सुटली. मी खिडकीतनं बघत राहिले. तू अजून वाजवत होतास, गाल फुगलेले, डोळे माझ्यावर, आणि इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं.

त्यावरनं तू मला जन्मभर टोचलंस. म्हणायचास, "शेवट ऐकायला थांबली न्हाईस." आणि मी म्हणायची, "गाडी काय माझ्या हातात होती?" सणाला आलं की हेच, बाळंतपणाला आलं की हेच. एकदा म्हटलं, मग आता ऐकव की, बसलेय समोर. तर तुझं उत्तर तयार. "पाठवणी घरात बसून पुरी वाजवत न्हाईत. पुरी वाजली की कुणीतरी जावंच लागतंय." हा तुमच्या बँडवाल्यांचा नेमच होता. तालमीतसुद्धा शेवट कुणी वाजवायचा नाही, दुसऱ्या भागापाशी थांबायचं. मी विचारलं होतं, तिसऱ्यात असं आहे तरी काय? तू म्हणालास, पहिला जाणारीचा, दुसरा पोचवणाऱ्यांचा आणि तिसरा मागं ऱ्हायलेल्यांचा. "तू गेलीस. तुला तिसरा काय करायचाय?"

खरं म्हणजे माझ्यानंतरही तो कुणाला मिळाला नाही. लग्नात नवरी गाडीत बसते, दार लागतं, ड्रायव्हर चावी फिरवतो, की बँड थांबतो. मोटार असो नाहीतर ट्रॅक्टर. तुझी चाल एवढ्या गावांतनं गेली, तिकडं संकेश्वरात, इकडं खानापूरकडच्या खेड्यांत, पण सगळीकडं दोनच भागांची. निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी गाण्याचं नाटक बसवलं, तू चाली दिल्यास, त्यांनीसुद्धा शेवटच्या लग्नाला तीच मागून घेतली. तिथंही दोन भागांवर पडदा.

शब्दांवरनं आपलं केवढं वाजलं होतं. मी म्हणायची, चार ओळी घाल, म्हणजे तुझी म्हणून राहील, नाहीतर उद्या कुणीही आपली म्हणेल. तू घातल्या नाहीस. म्हणालास, शब्द घातले तर मराठी होईल न्हाईतर कानडी होईल. आता दोन्हींकडच्या पोरी तिच्यावर जातायत, जाऊ दे. मला तेव्हा तो तुझा हट्ट वाटला. पुढं एका कानडी बाईनं, ओळख ना देख, बाजारात मला सांगितलं की ही आमच्या आजीच्या काळापासूनची चाल, आमच्यातली. मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरी येऊन तुला सांगितलं तर तू असा खूश झालास, की त्या दिवशी माझ्या हातची भाकरी एक जास्त खाल्लीस.

आता ती सकाळ. बाळूनं माझ्याकडं बघितलं आणि त्याच वेळी समोरच्या घरातली कलावती माझ्यापाशी येऊन बसली. रडून तिचे डोळे सुजले होते, तिच्या लहानपणापासून तू तिला बघत आलास. तिला कुठनं तरी कळलं होतं, काय वाजणार ते. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आक्का, म्हैन्याभरात पूजाचं लगीन हाय. आज हे वाजलं तर मी माझ्या पोरीला कशावर पाठवू?" एवढंच. हात जोडले नाहीत, गळा काढला नाही. तिच्या मागं पूजा उभी होती, तुझ्यासाठी तुळशीचा हार धरून.

मी तुझ्याकडं बघितलं. तू काही मदत करण्यातला नव्हतास. बाळू ओली पात ओठांशी धरून थांबलेला. खांदेकरी म्हणाले, उशीर होतोय. मला वाटत होतं कुणीतरी दुसऱ्यानं सांगावं, पण आपल्या घरात आता दुसरं होतं कोण? तू लग्न केलं नाहीस, माझा नवरा आधीच गेलेला, माझी पोरं पुण्याला, ती निघून वाटेत. मी मान आडवी हलवली. बाळूचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी वाद्यं काखेत धरली आणि नुसते चालत गेले तुझ्या पुढं. गल्लीत कुणी काही वाजवलं नाही. ज्यानं सगळ्या गल्लीच्या पोरी वाजवत पोचवल्या, तो मुका गेला.

तेराव्याचं जेवण झाल्यावर बाळू मागं थांबला. पन्नाशीचा माणूस, पण माझ्यासमोर बसला तो हातातल्या टोपीची घडी घालत, उलगडत. मी म्हटलं, बोल, शिव्या घालायच्या असतील तर घाल. तो म्हणाला, शिव्या न्हाईत आक्का. तुम्ही केलं ते बरोबरच. पण अण्णांना चाल मोडायची नव्हती. त्यांना ती एकदा पुरी वाजवायची होती.

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. लग्नात ती पुरी होत नाही, गाडी निघते. तालमीत पुरी करायची नाही, नेम. मग पुरी वाजायला जागा कुठली उरली? तू त्याला म्हणाला होतास, "मी जाईन तवा कुणाला घाई नसतीया रं बाळू. मला न्यायला मोटार न्हाय. शेवटपर्यंत वाजवता येईल. आणि सुशी तिथं असंल."

अण्णा, हे तू मला का नाही सांगितलंस? एवढे तुझे ठोके, एवढी तुझी मापं, आणि हे एक वाक्य दवाखान्यात तुझ्या तोंडातनं निघेना. मी भांडले नसते. का भांडलेच असते? त्या रात्रंदिवसाच्या जागरणात मी तुझं किती ऐकलं असतं, मला सांगता येत नाही. राग तुझ्यावर काढू की माझ्यावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी बाळूला म्हटलं, मग पूजाच्या पाठवणीत पुरी वाजवा. तो म्हणाला, काय वाजवू? तिसरा भाग मला येतो कुठं? तुझ्या क्लॅरनेटच्या पेटीत दोनच भागांचे ग्राफ होते. तिसऱ्याचा कागद नाही. तो तू त्याला शेवटच्या आठवड्यात तोंडी सांगणार होतास, ते राहिलं; त्या सकाळी मी होकार दिला असता तरी दोनच भाग वाजले असते.

तेव्हा मला तो कागद आठवला.

माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. माहेरी आले तर खिडकीत एक ग्राफ पडला होता, हिरवे ठिपके, चढत जाणारे, उतरणारे. मला वाटलं, आला एकदाचा अण्णा वळणावर, काठ काढायला लागला. कागद उचलला आणि नेऊन दिला मागाचे पत्ते पाडणाऱ्याला. त्यानं ठिपक्यांच्या हिशोबानं पुठ्ठ्याला भोकं पाडली, आप्पांनी ते पत्ते मागावर चढवले, भोकं असतील तशी काठावर नक्षी उठते. तू दोन दिवसांनी लग्नाच्या सुपारीवरनं आलास तर मी मागावर. विचारलंस, "सुशे, हे काय विणतीयास?" मी ऐटीत म्हटलं, तुझाच काठ. तू वाकून बघितलंस, वर सरकणारे पत्ते बघितलेस, आणि हसत खालीच बसलास. कागद मागितलास तर तो पत्तेवाल्याच्या चुलीत गेलेला. तू म्हणालास, असू दे, डोक्यात हाय. कुठल्या चालीचा होता ते तू सांगितलं नाहीस. आणि नंतर कधी पुन्हा कागदावर उतरवला नाहीस.

ती साडी माझ्याजवळ आहे. अंजिरी, काठाला हिरव्या लाटा. मी ती कधीच कुणाला दिली नाही, बाकी लुगडी वाटली तरी. बाळूच्या पुढं फरशीवर पसरली. तो गुडघ्यावर आला, चष्मा वर केला आणि काठावर बोट ठेवून सरकत गेला. हातभर गेल्यावर नक्षी पुन्हा पहिल्यापासून. सुरुवात कुठली ते त्याला सापडेना. मग दुसऱ्या भागाचा शेवटचा सूर धरून त्याच्या पुढचा ठिपका शोधायला लागला. बराच वेळ गेला. मी पाणी आणून ठेवलं ते तसंच राहिलं. एकदम तो थांबला, आणि मान खाली घालूनच म्हणाला, "आक्का, हेच हाय."

एका ठिकाणी मात्र अडलं. सगळे ठिपके लाटेत, आणि एक भलतीकडं, वर, एकटाच उडालेला. बाळू म्हणाला, हे अण्णांचं का पत्तेवाल्याची चूक? मला काय ठाऊक. म्हटलं वाजवून बघ. तर तो माझ्याकडं बघायला लागला. वाजवून कसं बघणार? नेम. मग त्या बिचाऱ्यानं काय केलं, प्रत्येकाला एकट्याला बोलावून तुकड्या-तुकड्यांनी शिकवलं, आणि शेवटच्या ओळीला न फुंकता नुसती बोटं फिरवायला लावली. पूजाच्या लग्नापर्यंत तो शेवट त्यांच्यापैकी कुणाच्याही कानावर पडला नव्हता. चांगला लागेल का वेडावाकडा, कुणाला माहीत नव्हतं. कलावतीला मी आधीच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या पोरीसाठी अण्णांना न्हाय म्हणालात. आता तुम्ही म्हणाल तसं."

लग्न परवा झालं. मी तीच साडी नेसले. वर्षाच्या आत लग्नाला जाते म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. मांडवात डॉल्बी होतीच, पण पाठवणीला बंद केली, तेवढा मान अजून आहे. नवऱ्याकडची माणसं संकेश्वरची, घाईची. नवऱ्याचा मामा सारखा घड्याळ बघत होता, राहुकाळ लागायच्या आत निघायचं म्हणून. पूजा आईच्या गळ्यात पडली, सुटली, गाडीत बसली. पहिला भाग झाला. दुसरा सुरू असतानाच दार लागलं. मामा पुढं बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, चल.

इंजिन सुरू झालं. बँडवाले सवयीनं थांबायला लागले. ढोलवाल्यानं काठी खाली घेतली सुद्धा. बाळूनं माझ्याकडं बघितलं, तसंच, त्या सकाळसारखं.

मी गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले. फुलांच्या माळांवरनं बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं, खाली थरथरत होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मामा काच खाली करून म्हणाला, "आजी, बाजूला व्हा. राहुकाळ लागतोय."

मी म्हटलं, "अजून संपलं न्हाय." आणि बाळूकडं बघून मान हलवली. उभी.

अण्णा, तिसरा भाग तू फार हळू केला आहेस. तोच जड ठोका, पण तो पडायला वेळ घेतो, आणि पुढचे दोन कुणी घरात अनवाणी फिरावं तसे. मामा काहीतरी बोलत होता, मग बोलायचा थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तो उडालेला ठिपका आला, वर, एकटा. बाळूचा श्वास पुरेल का, असं झालं मला. त्यानं धरला. तो तुझा होता का पत्तेवाल्याचा, मला नाही सांगता येत, पण त्या एका सुरावर कलावतीनं पदर तोंडाला लावला. मग लाट खाली आली आणि चाल फलाटावर उभी राहिल्यासारखी उभी राहिली. संपली.

मी त्या दिवशी खिडकीत होते आणि तू फलाटावर हेच एकट्यानं वाजवत होतास.

बाळूनं क्लॅरनेट खाली घेतलं. गाडी या वेळी माझ्या हाताखाली होती, म्हणून घटकाभर तशीच धरून ठेवली. मग हात काढला आणि म्हटलं, जा.

काचेआडनं पूजानं मान डोलावली. तिला वाटलं, मी तिलाच म्हटलं.